नसलेल्याविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. गॉर्गियस वाचून तू विचारलंस, हा माणूस चेष्टा करतोय का? तसं मानणारे जाणकार आहेत. मला ते पटत नाही.

सिसिलीतल्या लेओंतिनोई गावचा हा ग्रीक वक्ता आणि विचारवंत. इ.स.पू. ४२७ मध्ये सिरॅक्यूज शहराविरुद्ध मदत मागायला अथेन्सला आला आणि त्याच्या बोलण्याने लोक भारावून गेले. 'नसलेल्याविषयी' हा त्याचा मूळ ग्रंथ हरवला. उरले ते नंतरच्यांनी केलेले दोन सारांश. काहीच नाही, असलं तरी कळणार नाही, कळलं तरी दुसऱ्याला सांगता येणार नाही, अशा त्याच्या तीन पायऱ्या.

पहिली पायरी पार्मेनिडीस या त्याच्या आधीच्या ग्रीक तत्त्वज्ञाला समोर ठेवूनच वाच. तो म्हणाला होता, नसलेल्याचा विचार करता येत नाही आणि ते बोलताही येत नाही. गॉर्गियस म्हणतो, नसलेलं हे 'नसलेलं आहे' ना? मग 'आहे' आलंच! ग्रीकमध्ये अस्तित्व सांगायला ('भिंत आहे') आणि दोन शब्द जोडायला ('भिंत पांढरी आहे') एकच क्रियापद. आपलं 'आहे'ही तेच करतं. शिवाय आपल्याकडे 'नसणे' हे क्रियापद तयारच आहे, ग्रीकांना मात्र नकाराचा शब्द वेगळा लावावा लागे. त्यामुळे 'नसलेलं' आपल्या तोंडी इतकं सहज येतं की मेख कुठे मारली आहे ते दिसतच नाही. प्रत्येक 'आहे'पुढे समासात लिही: अस्तित्वाचं की जोडणीचं? आणि शून्यता, अभाव हे आपले शब्द एवढ्यात त्याच्यावर लादू नकोस.

दुसरी पायरी सोपी आहे. समुद्रावर धावणारे रथ मनात आणता येतात, म्हणून ते असतात असं नाही.

तिसरीपाशी मात्र थांब. बोलणाऱ्याच्या तोंडून रंग निघत नाही, शब्द निघतो. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हा त्या डोळ्याला भिंत पांढरीशुभ्र दिसायची आणि उजव्याला पिवळट. मी आलटून पालटून एकेक डोळा झाकून बघत बसायचो. घरच्यांना 'पिवळट' म्हणून सांगितलं. शब्द पोचला, पिवळेपणा माझ्यापाशीच राहिला. एकाच माणसालाही सगळं सारखं जाणवत नाही, हे त्या दोनांपैकी एका सारांशात लिहिलेलंच आहे. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. चेष्टा करणारा माणूस इतक्या आत हात घालत नाही गं.

प्लेटोने 'सोफिस्ट' या संवादात उत्तर दिलं: नसणं म्हणजे निराळं असणं. 'हे मोठं नाही' म्हटलं की ते मोठ्याहून निराळं, एवढंच. पहिल्या पायरीला हे उत्तर पुरतं. तिसरीला पुरतं असं मला अजून वाटलेलं नाही. त्या दोनांपैकी सेक्स्टस एम्पिरिकस या नंतरच्या तत्त्वज्ञाच्या सारांशातले ८३ ते ८६ हे परिच्छेद हाताने उतरवून घे, आणि दिवाळीत येशील तेव्हा ती वही घेऊन ये.