बिडीनं मोकळा होणारा पाय

“मॅडम, तीन महिन्यांची साखर सहा पॉइंट तीन आलीय. गेल्या वेळी सहा पॉइंट एक होती. म्हणजे नसा ब्लॉक व्हायला लागल्या ना?”

काका शिवणकाम करतात, वय 56. थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून घरात ग्लुकोमीटर आला. वही उघडून माझ्यापुढे सरकवली. दिवसाला पाच-पाच नोंदी, 110 च्या वरची प्रत्येक लाल पेनानं. बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडलेली. काकू म्हणाल्या, “काजं करायला आता सुईसुद्धा धरवत नाही ह्यांना.”

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, म्हणून सविस्तर लिहिते. एचबीएवनसी, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती, हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय ते सांगते. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तीन महिने. 5.7 ते 6.4 ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी, 6.5 पासून पुढे मधुमेह. काकांचे दोन रिपोर्ट दोन वेगळ्या लॅबचे, मध्ये जेमतेम पाच आठवडे. एवढ्यात 6.1 चे 6.3 झाले तर त्यात लॅबचा फरकही असू शकतो. लोहाची कमतरता असली तरी हा आकडा उगाच वर दिसतो.

रक्तवाहिन्यांना धोका या उंबरठ्यावरही थोडा वाढलेला असतो, ते मी लपवलं नाही. पण हा आकडा म्हणजे ब्लॉकेजची टक्केवारी नव्हे. नुसता तोच खाली रेटूनही भागत नाही. अकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासात दहा हजारांवर मधुमेही होते. त्यातल्या निम्म्यांची एचबीएवनसी 6 च्या खाली आणायचा हट्ट धरला. त्याच गटात मृत्यू जास्त झाले आणि 2008 मध्ये तो हट्ट थांबवावा लागला.

वही चाळताना मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: बीपी 152/94, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 161. लाल पेन तिथवर पोचलंच नव्हतं. “ते शिबिरात काढलं होतं,” काका म्हणाले. खिशातून चष्मा काढताना काडेपेटी खाली पडली.

“किती?”

“सात-आठ. पण बिडीच, मॅडम. सिगारेट नाही.”

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, चालताना पाय दुखतात का? नाही म्हणाले. काकूंनी मध्येच तोंड घातलं, “मग बँकेच्या पायरीवर रोज बसता ते?” घरापासून दुकानाच्या वाटेवर निम्म्यात उजवी पोटरी भरून येते, काका तिथं टेकतात, बिडी पेटवतात. “बिडी संपेस्तोवर पाय मोकळा होतो बघा. बिडीनं रक्त फिरतं.”

मी क्षणभर गप्पच झाले. चालल्यावर ठरावीक अंतरावर पोटरी धरते आणि थांबलं की सुटते, हे पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं अगदी पाठ्यपुस्तकी लक्षण. पाय मोकळा व्हायचा तो टेकल्यामुळे, श्रेय मात्र बिडीला. काकांची भीती खरी होती, शोध चुकीच्या पानावर चालला होता.

डॉक्टरांनी घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजलं. दोन्हींचं गुणोत्तर 0.9 च्या खाली गेलं की शंका पक्की होते. काकांचं उजवीकडे 0.78. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आणि बीपीची गोळी सुरू झाली. बिडी बंद करायची आणि रोज पोटरी भरेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. हे चालणं म्हणजे उपचारच, पण औषधाच्या चिठ्ठीवर नसल्यानं लोक ते मनावर घेत नाहीत. ग्लुकोमीटर कपाटात ठेवायला सांगितला, तेव्हा काका जरा रुसले. हाताला काम हवंच ना! म्हणून वहीत नवे रकाने आखून दिले.

परवा तीन महिन्यांनी आले. तीन महिन्यांची साखर 6.2, त्याबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही. बिडीच्या रकान्यात अजून मधूनमधून एक-दोन आहेत, दिवाळीच्या घाईत चार. शेजारच्या रकान्यात न थांबता ओलांडलेले विजेचे खांब: 5, 5, 6, 8. आठाखाली लाल पेनानं दोन रेघा.