खोकल्याचं औषध, पावडरचा डबा आणि फुटबॉलमधली बंदी

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी कॉमर्सला आहे. लहानपणापासून फुटबॉल खेळतो. मागच्या ट्रायलमध्ये ‘खेळ छान आहे, पण अंगात जोर नाही’ म्हणून परत पाठवलं. पुढच्या महिन्यात एका व्यावसायिक क्लबच्या युवा संघाची ट्रायल आहे. जिमच्या सरांनी दिलेली पावडर तो दोन महिने घेतोय, आणि आता ते म्हणतात, आठ आठवड्यांचा ‘कोर्स’ कर, सुया घ्याव्या लागतील. मुलगा म्हणतो, ज्युनियर मुलांना कोणी तपासत नाही, आणि सापडलं तरी पोग्बासारखं दीड वर्षात परत येता येतं. ह्यांचं म्हणणं, फुटबॉल बंद, सी.ए. कर. काय करू?
– एक आई, इंदूर

ताई, नमस्कार.

तो ‘कोर्स’ होता कामा नये. बाकी सगळं सावकाश बोलू, पण एवढं आजच, त्याच्या बाबांना सोबत बसवून, मुलाला स्पष्ट सांगा.

जिममध्ये सुयांचा आठ आठवड्यांचा कोर्स म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा अॅनाबॉलिक स्टेरॉइडच असतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनसारखं काम करणारं औषध. त्याने स्नायू भरतात, हे खरं आहे आणि मुलापासून ते लपवू नका. खोटं सांगितलंत तर तो पुढचंही ऐकणार नाही. पण सतराव्या वर्षी हाडांची वाढ अनेकदा पूर्ण झालेली नसते. बाहेरून हे हार्मोन गेलं की हाडांची टोकं वेळेआधी जुळून उंची तिथेच थांबू शकते, आणि शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं. डोपिंगच्या, म्हणजे खेळाडूंना बंदी असलेली औषधं घेण्याच्या, नियमांतही हा सगळ्यात जड गट आहे. आपण हे जाणूनबुजून घेतलं नाही, हे खेळाडूला सिद्ध करता आलं नाही, तर बंदी ४ वर्षांची. अठराच्या आतल्या खेळाडूंना थोडी सवलत आहे : मोठा निष्काळजीपणा नव्हता हे दाखवता आलं, तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून २ वर्षांपर्यंत येऊ शकते. पण आठ आठवडे सुया टोचून घेणारा मुलगा ‘मला कळलं नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगणार?

अल्पवयीन मुलाला असं औषध देणाऱ्या प्रशिक्षकावर किंवा डॉक्टरवर आजन्म बंदी येऊ शकते. त्याने मुलाची बंदी मात्र आपोआप उठत नाही. तपासायचा नमुना, म्हणजे लघवी किंवा रक्त, मुलाचा असतो, उत्तरही त्यालाच द्यावं लागतं.

आता पोग्बा, फ्रान्सचा फुटबॉलपटू. मुलाने अर्धीच गोष्ट वाचली आहे. २० ऑगस्ट २०२३ ला त्याच्या इटलीतल्या क्लबचा, युव्हेंटसचा, उदिनेसेविरुद्ध सामना होता. पोग्बा त्या दिवशी राखीव खेळाडूंच्या बाकावर होता, मैदानात उतरलाही नाही, आणि तरी चाचणीसाठी त्याचं नाव आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४ वर्षांची बंदी जाहीर झाली. त्याने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. डॉक्टरांनी दिलेल्या सप्लिमेंटमधून बंदी असलेलं द्रव्य पोटात गेलं, हे म्हणणं लवादाने मानलं आणि शिक्षा १८ महिन्यांवर आणली. मानलं, तरी १८ महिने. पाठोपाठ युव्हेंटसशी करार संपला. २०२५ मध्ये मोनाको क्लबने त्याला घेतलं, कारण २०१८ चा विश्वचषक जिंकलेला खेळाडू म्हणून जग त्याला ओळखत होतं. शिवाय अशा लढाईला वकील लागतात, तज्ज्ञ लागतात, पैसा लागतो. तुमच्या मुलाला अजून एकाही क्लबने घेतलेलं नाही. त्याच्या दीड वर्षाची वाट कोण पाहणार?

बंदी म्हणजे फक्त सामने बंद असंही नाही. क्लबबरोबर सराव करता येत नाही, ड्रेसिंग रूममध्ये संघासोबत बसता येत नाही, दुसऱ्या मान्यताप्राप्त खेळातही उतरता येत नाही. सरावाला परत येण्याची मुभा मिळते ती अगदी शेवटी : बंदीचे शेवटचे २ महिने किंवा तिचा शेवटचा चौथा हिस्सा, यांतलं जे कमी असेल तेवढी. अठरा ते वीस या वयात क्लब मुलांना पारखतात, करार देतात. नेमकी तीच वर्षं अशा बंदीत जातात.

‘ज्युनियरना तपासत नाहीत’ हेही खरं नाही. खेलो इंडिया स्पर्धांमध्ये नाडा, म्हणजे आपली राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था, चाचण्या घेते आणि त्यांत अल्पवयीन खेळाडूही सापडलेले आहेत. २०२३ च्या सुरुवातीला हे युवा खेळ आपल्याच मध्य प्रदेशात झाले, इंदुरातही झाले.

इथवर तुम्ही विचारलेलं. आता न विचारलेलं सांगते, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. सुई धोक्याची आहे हे तुम्हाला न सांगता कळलं, म्हणून तर पत्र लिहिलंत. घरातल्या औषधांच्या डब्याबद्दल मात्र पत्रात एक ओळही नाही.

पृथ्वी शॉ आठवतो? क्रिकेटपटू आहे, पण नियम तेच. त्याचा नमुना घेतला गेला तो इथेच, इंदुरात, २२ फेब्रुवारी २०१९ ला, सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या सामन्यात. त्यात टर्ब्युटॅलिन निघालं. हे आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत असतं. कामगिरी वाढवायला घेतलं नव्हतं, हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं, तरी १९ वर्षांच्या त्या मुलाला ८ महिन्यांची बंदी झाली. फुटबॉलमध्ये २०१७ साली भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्या नमुन्यात हेच टर्ब्युटॅलिन आढळलं होतं. त्यानेही खोकल्याच्या औषधाकडेच बोट दाखवलं. तेव्हा नेदरलँड्सच्या अयॅक्स क्लबचा गोलरक्षक असलेला आंद्रे ओनाना बायकोची गोळी चुकून घेऊन बसला. तिच्यात फ्युरोसेमाइड होतं, म्हणजे आपल्याकडे आजोबांच्या पायांवर सूज आली की डॉक्टर देतात ते लघवीचं औषध. त्याला १२ महिन्यांची बंदी झाली, अपिलात ती ९ महिन्यांवर आली. मँचेस्टर सिटीच्या कोलो तूरेने बायकोच्या वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतल्या, २०११ मध्ये ६ महिने बाहेर बसला. यांतल्या कोणाच्या घरात वाईट हेतू नव्हता. नियम मात्र पहिल्यांदा एवढंच विचारतो की शरीरात काय सापडलं; ते तिथे कसं आलं, हा प्रश्न नंतरचा, शिक्षा कमी-जास्त करण्यापुरता.

म्हणून सवय घराची बदलायला हवी. मुलगा खोकतोय म्हणून शेजारच्या मेडिकलवरून बाटली आणणं बंद. डॉक्टरांकडे गेलात की पहिलं वाक्य हे : ‘हा फुटबॉल खेळतो, याची डोप टेस्ट होऊ शकते.’ औषधाच्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते नाडाच्या ‘नो युअर मेडिसिन’ या अॅपवर तपासा. दम्याचा वगैरे खरा आजार असेल आणि बंदी असलेलं औषधच लागत असेल, तर उपचारासाठी सूट मागता येते; तिला टीयूई म्हणतात. अर्ज डॉक्टरांच्या कागदपत्रांसह शक्यतो आधीच करायचा. आणि सलाइन! आपल्याकडे मूल जरा गळून गेलं की ‘एक बॉटल चढवून घ्या’ म्हणतात. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन शिरेतून घेणं खेळाडूला मना आहे, मग आत नुसतं मीठपाणी का असेना. रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराला सूट आहे, थकवा घालवायला लावलेल्या बाटलीला नाही.

पावडर. साधं दुधातलं प्रोटीन बंदीच्या यादीत नाही. अडचण अशी की डब्यावर लिहिलंय तेवढंच आत असेल याची खात्री तो डबा देत नाही, आणि तुमच्या मुलाचा डबा तर त्याच सरांकडून आलाय जे आता सुया सुचवताहेत. तो बंद करा. मात्र फेकू नका. लेबलचे फोटो काढा, बिल असेल तर जपून ठेवा, घ्यायला कधी सुरुवात केली ते लिहून ठेवा. उद्या काही निघालंच, तर ते कुठून आलं हे सांगायला हाच पुरावा लागेल. नैसर्गिक किंवा आयुर्वेदिक लिहिलेल्या डब्यांनाही हेच लागू.

‘अंगात जोर नाही’ ही तक्रार मात्र खोटी धरू नका. ट्रायल घेणाऱ्यांना काहीतरी दिसलं असणार. सतरा वर्षांच्या पोराला जोर येतो तो पोटभर खाण्याने, झोपेने आणि वजनांच्या शिस्तशीर व्यायामाने. एका महिन्यात मात्र नाही, सहा-आठ महिन्यांत. सकाळी नुसत्या पोहे-जिलबीवर तो सरावाला जात असेल, तर तिथूनच सुरुवात करा. वर दूध, मूठभर शेंगदाणे, परतल्यावर दही-पनीर, जेवणात वरण दुप्पट. अंडी चालत असतील तर उत्तमच. क्रीडा आहाराची जाण असलेल्या आहारतज्ज्ञाला एकदा दाखवा. जिमच्या सरांवर खर्च होतोय, त्यापेक्षा तो कमीच असेल.

त्याच्या बाबांना सांगा, फुटबॉल बंद करण्याची मला गरज दिसत नाही. धोका खेळातला नाही, त्या जिममधला आहे, जिम बदला. ते सी.ए.चा आग्रह धरतात त्यामागची काळजी मी समजू शकते, पण निवड आजच करायची नाहीये. बारावी नीट पास होणं दोन्ही वाटांवर लागतं. तिसरी वाटही आहे : ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था. १९५७ पासून चालू आहे, बारावीनंतर बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, प्रवेश मिळतो, तिथून प्रशिक्षक, फिटनेस, क्रीडा व्यवस्थापन अशा दिशा खुलतात. डोपिंगची बंदी असताना मान्यताप्राप्त खेळात प्रशिक्षक म्हणूनही काम करता येत नाही, हे मुलाच्या कानावर घाला. बंदीने फक्त संघातली जागा जात नाही.

ट्रायलला त्याला जरूर पाठवा, आहे त्या अंगाने. निवड झाली आणि पुढे एखाद्या सामन्यानंतर चाचणीसाठी नाव आलं, तर नमुना देणं टाळायचं नाही. नकाराचीही शिक्षा ४ वर्षांपर्यंत असू शकते, आणि मँचेस्टर युनायटेडचा रिओ फर्डिनंड २००३ मध्ये नुसता चाचणी न देता निघून गेला, तर ८ महिने बाहेर बसला. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं फॉर्मवर लिहायची असतात. सर्दीची गोळीसुद्धा लिहायची. अठरा पूर्ण होईपर्यंत सोबत मोठं माणूस थांबू शकतं. ते काम बाबांनी घ्यावं, आणि सुरुवात म्हणून या ट्रायललाही तेच सोबत जावेत असं मला वाटतं.