थर आधी, वस्तू मग

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. वाडा पाडला, इमारतीच्या पायाचे खड्डे बारा फूट खाली गेले, बिल्डरने चार दिवस दिलेत. आणि कुणी सांगतंय, नाणी वेच, बाकी सोड. तू विचारतेस, चार दिवसांत काय होणार?

एक भिंत होईल. चारही दिवस खड्ड्याची एकच बाजू घे, पश्चिमेची. खरवड, हलका पाण्याचा फवारा मार, ऊन उतरल्यावर बघ. राख, जुन्या वस्तीची पांढरीची माती, चोपलेली जमीन, पुराचा गाळ, सगळं वेगळं दिसायला लागेल. प्रत्येक थराला क्रमांक, त्याची खापरं त्याच क्रमांकाच्या पिशवीत. थर आधी, वस्तू मग.

अगं, तू नाशकात उभी आहेस! मातीच्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खणलं. वर मुसलमानी-मराठा काळ, खाली सातवाहन, त्याखाली उत्तरेकडची काळी झिलईदार भांडी, तळाला ताम्रपाषाण, म्हणजे तांब्या-दगडाच्या हत्यारांचा काळ. नुसती नाणी वेचून हा क्रम लागला असता का?

माझ्या हातून काय झालं ते ऐक. चौतीस वर्षांपूर्वी एका गावठाणात लोखंडी विळा दिसला. हरखून उचलला. मग लक्षात आलं, मराठा काळातला कचऱ्याचा खड्डा तिथे सातवाहन थरात घुसलाय, आणि विळा खड्ड्यातला की थरातला हे सांगणारी कड माझ्याच पायाखाली गेलीय. विळ्याचा घाट शतकानुशतकं फारसा बदलत नाही. त्याच्या चिठ्ठीवर आजही 'काळ अनिश्चित' लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

तेव्हापासून एकेका कडेसाठी मी कामं अडवली. हट्टी म्हणवून घेतलं, दोन ठिकाणी पुन्हा बोलावणं आलं नाही. तरी मी बरोबरच होते. आजही अडवीन.

कायद्याच्या भरवशावर राहू नकोस. १८७८ चा निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा दहा रुपयांवरच्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला लावतो, म्हणून नाणी लपवायची नाहीतच. पण राखेच्या थराबद्दल त्यात चकार शब्द नाही. तो तुलाच जपायचाय.

आणि जेसीबीवाल्याबरोबर चहा पी. इंग्लंडमधल्या यॉर्कला, कॉपरगेट इथे, दुकानं बांधण्याआधी १९७६ ते १९८१ उत्खनन चाललं. ते संपल्यावर, १९८२ मध्ये, बांधकामाच्या यंत्राला आठव्या शतकातलं शिरस्त्राण लागलं. चालक थांबला. भोवतालची माती तपासली गेली, म्हणून ते लाकडाने अस्तरलेल्या खड्ड्यात होतं हे कळलं. तुझ्या चालकाला राखेची रेघ बोटाने दाखव. त्याची नजर तुझ्याआधी पोचते.

दमली असशील. जेवतेस ना वेळेवर? परवा सकाळच्या गाडीने चाळणी आणि पिशव्या घेऊन येते. तोवर पश्चिमेच्या भिंतीला कुणाला हात लावू देऊ नकोस, आणि तूही त्यातलं काही उपसू नकोस. नाणं डोकावत असलं तरी.

तुझी,
बाई