कार्ड स्वाइप केल्यावर दुकानदार २ टक्के जादा मागतो, ते द्यायचे का?

डेबिट कार्ड असेल तर अजिबात देऊ नका. तो खर्च, म्हणजे एमडीआर (कार्डाने पैसे घेतल्याबद्दल बँक दुकानदाराकडून कापते ते शुल्क), दुकानदाराने सोसायचा. गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. रुपे डेबिट आणि खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्यच आहे.

क्रेडिट कार्डाचं दुखणं वेगळं. परवा फ्रिज घेताना ४०,००० च्या बिलावर ८०० रुपये वर मागितले. दुकानदाराचंही अगदीच चूक नाही म्हणा, मार्जिन आधीच तुटपुंजं. पण मशीन ठेवलं की गिऱ्हाईक वाढतं, मग त्याचा खर्चही दुकानाच्या भाड्या-विजेसारखाच धरावा. मी सरळ म्हटलं, "यूपीआय करतो, ८०० सोडा." लगेच सोडले!