सर्व्हेइंग शिकायचं म्हणतेस तर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बिल्डिंग सर्व्हेइंग, म्हणजे उभ्या इमारती तपासून त्यांचं दुखणं शोधणं, शिकायला ब्रिटनला जाऊ की इथेच सिव्हिल करू, असं विचारलंस. तिकडे ही स्वतंत्र पदवी आहे. आरआयसीएस या तिथल्या सर्व्हेयरांच्या संस्थेची मान्यता बघून कॉलेज निवडतात. आपल्याकडे लोक सिव्हिल करून, पुढे स्ट्रक्चरमध्ये मास्टर्स करून याच कामाकडे वळतात. मुंबईतच काम करायचं असेल तर व्हीजेटीआय किंवा सरदार पटेल इंजिनीअरिंग कॉलेजसाठी धडपड. इथे ऑडिटवर सही चालते ती नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरची.

कामाला तोटा नाही. ३० वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, आणि शहरात १९६९ च्या आधीच्या सेस इमारती (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) अजून हजारोंनी आहेत. कॉलेजात मात्र बराचसा वेळ नवीन बांधण्यातच जातो. जुन्याचं दुखणं स्वतःच शिकावं लागतं.

समज, छताचे पोपडे पडलेत, सळई उघडी पडलीय. सोसायटी प्लास्टर मारून मोकळी होते, दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. तू काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थलीनचं द्रावण शिंपड. गुलाबी झालं तर अल्कली शाबूत आहे. रंग न येणारा थर सळईपर्यंत पोचला असेल तर कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली मरणं) आत शिरलंय, सळईचं कवच गेलंय. गंज फुगतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडवतो. त्यात आपली खारी हवा, वर बाथरूमची गळती. म्हणून छताखाली शिडी लावण्याआधी वरच्या घराची बेल वाजव. (हे परीक्षेत कुणी विचारत नाही.)

खरी गोम अहवालाच्या शेवटच्या पानावर. सी-१ लिहिलंस की इमारत रिकामी करून पाडायची. सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती. पागडीच्या चाळीत मालकाला बहुतेकदा सी-१ हवं असतं, भाडेकरूंना नको असतं, आणि चहा दोघंही पाजतात. दोन अहवाल उलटसुलट निघाले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. कोअर (काँक्रीटचा नमुना) कुठून काढला, काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या हॅमरचं रीडिंग किती, फोटोतला कॉलम कुठला, हे तिथे दाखवता आलं पाहिजे. नोंदी जागेवरच लिही. घरी येऊन आठवून लिहिलेलं टिकत नाही.

दोन्हीकडची विषयांची यादी पाठव, बघून सांगतो. पुढच्या रविवारी गिरगावात एक चाळ बघायची आहे. येणार असशील तर बूट घालून ये, जिना लाकडी आहे आणि वाळवी लागलीय.

तुझा,
काका