उंच केलेल्या पिकअपचे बुश पुन्हा पुन्हा का फाटतात?

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील आमच्या शेताचा रस्ता काळ्या रानातून जातो. पावसाळ्यात चाकोरीत गाडीचे पोट घासते, म्हणून पिकअपला पुढे स्प्रिंगवर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) आणि मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे टाकून ती दोन इंच उंच करून घेतली. वर्षभरात पुढून खटखट सुरू झाली. लोअर आर्मचे (चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे बदलले, तेही चार महिन्यांत फाटले. दोष मालाचा की कामाचा? – एक शेतकरी वाचक

उत्तर : माझ्या मते दोष बहुधा कामाचा आहे. काढलेला बुश हातात घेऊन पाहा. रबर आतल्या लोखंडी नळीपासून गोलाकार सुटले असेल, तर तो पिळून फाटलेला आहे. हा रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही, त्याचे रबर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही नळ्यांना चिकटलेले असल्यामुळे आर्म वरखाली होताना ते केवळ पिळले जाते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, की आतली नळी त्याच स्थितीत जखडते आणि गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. त्यावर प्रत्येक खड्ड्याची भर पडते. म्हणून बोल्ट आधी हलकेच लावावेत, गाडी चाकांवर उतरवून दोन-तीनदा दाबावी आणि मगच, पिटवर (गॅरेजमधल्या खड्ड्यावर) उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊन, ते कंपनीच्या मापाने टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत. ही एक गोष्ट मेकॅनिकसमोर उभे राहून करून घ्या.

खटखट मात्र बॉल जॉइंटचीही (आर्म आणि चाक यांना जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचीही) असू शकते. स्पेसरमुळे चाक मूळ मर्यादेपेक्षा खाली लोंबकळते आणि वरचा जॉइंट टोकाच्या कोनात जातो. लोअर आर्मखाली, चाकाजवळ जॅक लावून चाक उचला, टायरखाली पहार घालून हलवा आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. बोटाला जाणवणारी ढिलाई डोळ्यांना दिसतेच असे नाही. ढिलाई असेल, तर जॉइंट तातडीने बदला, कारण तो निसटला तर चाक आडवे पडते.

मागचे शॉकअप मूळ लांबीचेच असतील, तर उंच झालेल्या गाडीत ते खड्ड्यात पूर्ण ताणले जाऊन आदळतात. लांब शॉकअप जोडीनेच घ्यावेत. मागच्या पाट्या अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच बसवावेत आणि काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा आवळावेत. शेवटी व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवून घेणे) अनिवार्य आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर मर्यादा आहेत, त्यामुळे खर्च करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा अवश्य करावी.