बिटकॉइनच्या विजेवर प्रबंध लिहिणाऱ्यास

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. पहिल्याच पानावरचं 'बिटकॉइनच्या एका व्यवहाराला अमुक घरांची महिनाभराची वीज लागते' हे वाक्य आधी काढून टाक. टाळ्या मिळवायला ते बरं आहे, पण वीज व्यवहारामागे खर्च होत नाही, ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या एकेका गठ्ठ्यामागे होते. ब्लॉकमध्ये हजारो व्यवहार असोत की एकही नसो, मायनिंगची, म्हणजे गणिती कोडं सोडवून नवा ब्लॉक जोडण्याची, यंत्रं तितकीच वीज खातात. परीक्षकांत कुणी जाणकार असला तर तुला तिथेच धरेल आणि पुढची मेहनत वाया जाईल.

हिशोब पैशापासून सुरू कर. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, एप्रिल 2024 पासून ब्लॉकमागे 3.125 नवे बिटकॉइन बक्षीस, म्हणजे दिवसाला सुमारे 450. वर थोडं व्यवहारशुल्क. जगभरचे मायनर एवढ्याच रकमेसाठी झटतात, त्यामुळे तिच्याहून जास्त पैसे विजेवर घालणं त्यांना फार काळ परवडत नाही. भाव चढला की यंत्रं वाढतात. मग दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, कोडं आपोआप अवघड होतं आणि नाणी निघतात तेवढीच. म्हणून 'नवी चिप कमी वीज घेते, तेव्हा प्रश्न सुटेल' हा तुझा तिसऱ्या प्रकरणातला आशावाद मला पटला नाही. काटकसरी यंत्र आलं की लोक तेवढ्याच वीजबिलात जास्त यंत्रं लावतात. जुनी भंगारात जातात, आणि हॅश काढण्यापलीकडे, म्हणजे त्या कोड्याची उत्तरं शोधण्यापलीकडे, त्यांचा काही उपयोग नसल्यामुळे ती दुसऱ्या कुणाच्या कामीही येत नाहीत.

इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनावर चार पानं कशाला? 15 सप्टेंबर 2022 ला त्यांनी मायनिंगच बंद केलं आणि विजेचा वापर 99 टक्क्यांहून जास्त घटला. एका परिच्छेदाचं काम आहे.

एकूण वापराचा आकडा देताना पट्टा दे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने 2024 च्या सुरुवातीला देशाच्या विजेपैकी 0.6 ते 2.3 टक्के वीज आभासी चलनांच्या मायनिंगमध्ये जाते असा अंदाज दिला. दोन टोकांत जवळजवळ चौपट फरक! एवढ्या मोठ्या ग्राहकाची नीट नोंदच नव्हती, ही गोष्ट मला त्या आकड्याहून मोठी वाटते.

आता खरं काम. जागा धर. न्यूयॉर्क राज्यात सेनेका सरोवराकाठी ड्रेस्डेनला ग्रीनिज नावाचं कोळशाचं जुनं वीजकेंद्र आहे. ते 2011 मध्ये बंद पडलं आणि 2017 मध्ये नैसर्गिक वायूवर पुन्हा सुरू झालं. आधी ते ग्रिडला गरजेपुरती वीज देई. 2020 मध्ये आवारातच बिटकॉइनची यंत्रं आली आणि धुराडं एरवीही धडधडू लागलं. यंत्रणा थंड ठेवायला सरोवराचं पाणी घ्यायचं आणि कोमट करून परत सोडायचं. मासेमारी करणारे नि द्राक्षबागवाले उठले. कंपनी म्हणाली, आम्ही परवान्याच्या मर्यादेत आहोत. जून 2022 मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने हवेच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि प्रकरण कज्ज्यात गेलं. त्याच नोव्हेंबरात राज्याने अशा मायनिंगवर दोन वर्षांची बंदी आणली, पण ती नव्या अर्जांना. ग्रीनिजचा अर्ज आधीचा, म्हणून ते सुटलं. हा बारकावा तुझ्या मसुद्यात गळला आहे.

टेक्सासही घे, पण थोडक्यात. ऑगस्ट 2023 च्या उन्हाळ्यात ग्रिडवर ताण आला तेव्हा रायट या मायनिंग कंपनीने यंत्रं आवरती घेतली आणि तिला वीजबाजारातून सुमारे 3 कोटी 17 लाख डॉलरच्या सवलती मिळाल्या. त्या महिन्यात काढलेल्या बिटकॉइनच्या किमतीहून कितीतरी जास्त! लवचिक ग्राहक ग्रिडला आधार देतो, हा कंपन्यांचा मुद्दा पोकळ नाही, तो प्रामाणिकपणे मांड. पण तो आधार विकत घ्यायला पैसे कुणाच्या बिलातून गेले, हेही विचार. (आपल्याकडे भारनियमनात शेतकऱ्याचा पंप बंद पडतो तेव्हा त्याला कुणी सवलत देत नाही. हे प्रबंधात लिहू नकोस, मला राहवलं नाही.)

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था वीजकेंद्रांच्या धुराड्यांचे तासागणिक आकडे खुले ठेवते. ड्रेस्डेनचे 2019 आणि 2021 चे उतरवून घे आणि एका आलेखात शेजारी ठेव. मजकूर न लिहिता आलेख तेवढा मला पाठव. भाष्य त्यानंतर करू.

तुझा,
सर